त्या तारखेचा कायदा

वकील : मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही ज्या कामात उमेदीची सगळी वर्षं घातलीत ते काम आता उरलेलं नाही, असं माझं मत झालं आहे. मी वकिलीला लागलो तेव्हा निवाडा हवा असेल तर बार लायब्ररीत यावंच लागे. डायजेस्ट काढायचं, विषयाखालचे मथळे एकेक करून वाचायचे, मग खंड मागायचा. नेमका तोच खंड दुसऱ्या कुणी वरच्या मजल्यावरच्या कोर्टात नेलेला असला की हात चोळत बसायचं. आता इंडियन कानून २००८ पासून फुकट आहे. मनुपात्रा, एससीसी ऑनलाइन हे वर्गणीचे संग्रह चेंबरमध्ये आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-एससीआर खुलं केलं, म्हणजे १९५० पासूनचे अधिकृत निवाडे घरबसल्या. माझा ज्युनिअर न्यायाधीशांसमोर उभ्या उभ्या मोबाइलवर परिच्छेद काढून देतो. मग विधी ग्रंथपालाने करायचं काय? खंड बांधून घ्यायचे, डांबरगोळ्या टाकायच्या, नेलेली पुस्तकं परत आणा म्हणून आमच्या मागे लागायचं? ते कामही कुणीतरी करायला हवं, हे मान्य. पण त्यासाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते आणि त्या माणसाला कायद्याची जाण लागते, हे आता पटत नाही.

ग्रंथपाल : वकीलसाहेब, निवाडा शोधणं हे माझं मुख्य काम कधीच नव्हतं. ते तुमचं काम. मी हातभार लावत होते. अमुक तारखेला कायदा काय होता हे कुणालाही, कधीही दाखवता यावं, अशी व्यवस्था राखणं हे माझं काम होतं. एक गोष्ट सांगते. दुरुस्ती कायदा झाला, राजपत्र आलं, की आम्ही करेक्शन स्लिपा कापत असू. नियमावलीत, मॅन्युअलमध्ये, मोठ्या टीकाग्रंथात त्या चिकटवायच्या. नवखा मदतनीस स्लिपेला पाठीमागून सगळीकडे खळ लावायचा आणि जुन्या मजकुरावर थापून द्यायचा. मी ते करू देत नसे. खळ फक्त डाव्या कडेला, बोटभर. म्हणजे स्लिप वर उचलता येते आणि खाली जुना मजकूर वाचता येतो. नवा कायदा वर, जुना खाली, आणि स्लिपेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंमलाची तारीख. कारण खटला आज चालत असला तरी घटना केव्हाची आहे, यावर कुठला कायदा लागायचा ते ठरतं.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची दंड संहिता गेली, ३५८ कलमांची संहिता आली. त्या महिन्यात कितीतरी जणांनी विचारलं, जुनी पुस्तकं रद्दीत घालायची का? पण खून ३० जूनच्या रात्री झाला असेल तर आरोप १८६० च्या संहितेच्या कलम ३०२ खालीच लागणार, नव्या संहितेच्या कलम १०३ खाली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच ते आहे. ते खटले अजून किती वर्षं चालतील ते तुम्हीच सांगा. दंड संहितेवरच्या रतनलाल-धीरजलालच्या टीकाग्रंथाची जुनी आवृत्ती त्या सगळ्या वर्षांत हाताशी लागणार आहे. ती कपाटात ठेवायची हे कुणाच्या तरी ध्यानात असलं पाहिजे.

वकील : ध्यानात असलं पाहिजे, बरोबर. पण कुणाच्या, हाच तर वाद आहे. संगणकाच्या संग्रहात दोन्ही संहिता आहेत. जुन्या कलमावर बोट ठेवलं की समोर नवं कलम येतं. तुमची स्लिप डाव्या कडेला चिकटवलेली होती म्हणून वर उचलता येत होती. इथे तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी दिसतात, उचलायचीही गरज नाही. तुम्ही जे कौशल्य म्हणून सांगता आहात ते साधनाने आपल्यात घेतलेलं आहे.

ग्रंथपाल : साधनाने घेतलं असेल, पण साधन वापरणाऱ्यापर्यंत ते पोचतं का, हे पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यावरून गाजलेलं प्रकरण श्रेया सिंघल खटल्यापर्यंत गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. कलम मेलं. तरीही ठिकठिकाणची पोलीस ठाणी त्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली, आणि २०२१ मध्ये हे न्यायालयापुढे आलं तेव्हा न्यायमूर्तींना धक्का बसला. महान्यायवादींनी सांगितलेलं कारण मी विसरलेले नाही. छापील कायद्यात कलम जसंच्या तसं आहे, ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत लिहिलेलं आहे, आणि पोलीस अधिकारी तळटीप वाचत नाही. सहा वर्षं, वकीलसाहेब. वर्गणीच्या संग्रहांत कलम रद्द झाल्याची लाल खूण असताना. बारीक टाइपातली एक ओळ वाचली गेली नाही म्हणून माणसांवर मेलेल्या कलमाचे गुन्हे लागले. आमच्या अख्ख्या व्यवसायाचा जीव त्या तळटिपेत आहे. तळटीप वरच्या मजकुराइतक्या ठसठशीतपणे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणणं, हेच आमचं काम.

वकील : उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्या बाजूचं आहे का, याची मला शंका वाटते. पोलीस ठाण्यात विधी ग्रंथपाल नसतो, कधी नव्हता, आणि उद्याही कोणी नेमणार नाही. म्हणजे जिथे तळटीप वाचण्याची खरी निकड होती तिथे तुमचा व्यवसाय पोचलाच नाही. तो पोचला कुठे? उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात, विधी महाविद्यालयांत, मोठ्या वकील संघांत. म्हणजे ज्यांना तळटीप वाचायची सवय आधीच होती त्यांच्याकडे. पोलिसाच्या हातातला अ‍ॅप त्या कलमावर लाल अक्षरात ‘रद्द’ दाखवेल, तर तुमच्या सगळ्या स्लिपांपेक्षा तो अ‍ॅप जास्त न्याय करेल.

ग्रंथपाल : तो अ‍ॅप तसं दाखवणार असेल तर मी त्याचं स्वागतच करीन. पण लाल खूण आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी संपादक निवाडा वाचून लावतो. निवाडा पूर्ण रद्द झाला, काही भागापुरता झाला, की नंतरच्या खंडपीठाने फक्त वेगळा ठरवून बाजूला ठेवला, हा निर्णय माणसाचा असतो आणि तो नेहमीच सरळ नसतो. शिवाय लाल खूण दिसली की तुमचा ज्युनिअर ते पान उघडतच नाही. एडीएम जबलपूर घ्या, एआयआर १९७६ सुप्रीम कोर्ट १२०७. आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबलं तरी त्याला कोर्टाचं दार बंद, असा तो बहुमताचा निकाल. २०१७ मध्ये खासगीपणाच्या पुट्टास्वामी निकालात तो उलटवला गेला. लाल खूण अगदी योग्य. पण त्याच निवाड्यात न्यायमूर्ती खन्नांचं विरोधी मत आहे. एकट्याचं. इतिहासाने तेच बरोबर ठरवलं. फक्त खुणेवर विसंबणाऱ्याच्या लेखी तो अख्खा निवाडाच मेलेला. ग्रंथालय हरलेली बाजूही त्याच फळीवर, त्याच बांधणीत, त्याच काळजीने ठेवतं, कारण आज हरलेला युक्तिवाद एकेचाळीस वर्षांनी जिंकू शकतो.

वकील : हे अभ्यासकाला ठीक आहे. माझ्या रोजच्या कामात, जिथे अर्धा दिवस पुढची तारीख घेण्यात जातो, तिथे खन्नांचं मत कितीदा लागतं? आता तुम्ही न्यूयॉर्कचं प्रकरण काढाल, म्हणून मीच काढतो. अव्हियान्का विमान कंपनीविरुद्धचा माटा यांचा दावा. खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागली, एवढीशी बाब. वकिलाने चॅटजीपीटीला विचारून जे निवाडे अर्जात घातले ते अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी प्रती मागितल्या, तर त्याने त्याच यंत्राला विचारलं, हे खरे आहेत ना? आणि यंत्र हो म्हणालं. जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड झाला. सगळे म्हणाले, बघा, ग्रंथपाल हवा होता. मी म्हणतो, ग्रंथपाल कशाला? वकिलाने वकिलासारखं वागायला हवं होतं. खंड आणि पान तपासायला एक मिनिट लागतं आणि कुठलीही पदवी लागत नाही.

ग्रंथपाल : एक मिनिट लागतं हे खरं. त्यातल्या एका बनावट दाखल्याला रीतसर खंड आणि पान दिलेलं होतं; त्या खंडाचं ते पान उघडलं असतं तर तिथे भलताच निवाडा निघाला असता. पण त्या वकिलाने ते मिनिट का घातलं नाही, हे सुनावणीत बाहेर आलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या कार्यालयाकडे संघराज्य न्यायालयांच्या निवाड्यांचा पुरता संग्रहच हाताशी नव्हता. आळस होताच, पण पोच नसणंही होतं. आपल्याकडे याचं रूप रोज दिसतं. तालुक्याच्या कोर्टातल्या नव्या वकिलाला महागड्या संग्रहाची वर्गणी परवडत नाही. तो फुकटचं वापरतो. फुकटच्यात निवाडा मिळतो, पण त्याच्यावर पुढे काय झालं हे खात्रीने कळत नाही. वकील संघाचं ग्रंथालय एक वर्गणी भरतं आणि ती शंभरांना वापरता येते. कुठला संग्रह घ्यायचा, त्यात आपल्या जिल्ह्याला लागणारे महसुलाचे, सहकाराचे निर्णय आहेत का, की नुसता मोठा आकडा दाखवून विकताहेत, हे ओळखणं माझं काम. निवाडा खोटा निघण्याचं भय नवं आहे. निवाडा अर्धवट हाती येण्याचं भय फार जुनं. बंधनकारक निवाडा लक्षात न घेता दिलेल्या निकालाला तुम्ही पर इन्क्युरिअम म्हणता. माझ्या डोक्यात तो शब्द सतत असे, कारण असा निकाल पुष्कळदा कुणीतरी योग्य खंड टेबलावर न आणल्यामुळे लागतो.

वकील : आता खरं बोलायची वेळ आली आहे असं वाटतं. तुमच्या कामाचं कौतुक मी यापुढे करणार नाही, कारण या कौतुकानेच तुमचं नुकसान झालं. महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला निदान यूजीसीची वेतनश्रेणी आहे, सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची. वकील संघाच्या ग्रंथालयात काय असतं? पगार कार्यकारिणीच्या मर्जीवर, निवडणूक झाली की नवा अध्यक्ष, नवी मर्जी. निवृत्तिवेतनाचं नावच नको. अमेरिकेत बऱ्याच विधी ग्रंथपालांकडे कायद्याची आणि ग्रंथालयशास्त्राची अशा दोन पदव्या असतात. त्यांची संघटना १९०६ पासून आहे, आणि विधी शाळांत ते शिकवायलाही उभे राहतात. आपल्याकडे तुम्ही तळटिपा जपल्यात आणि आम्ही ‘मॅडमना सगळं पाठ आहे’ म्हणून टाळ्या वाजवल्या. निष्ठा, तळमळ, वाचनाची आवड हे शब्द जिथे जास्त ऐकू येतात तिथे पगार कमी असतो, हे मी वकिलीत पाहिलं आहे. तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोललात की समोरच्याला वाटतं, यांना हे फुकट करायलाही आवडेल.

ग्रंथपाल : हे लागलं, आणि तुम्ही म्हणता त्यात पुष्कळ तथ्य आहे. पण मग मी जिव्हाळ्याने बोलायचं नाही का? सर्जन शस्त्रक्रियेबद्दल भरभरून बोलतो तेव्हा त्याची फी कमी करा असं कुणी म्हणत नाही. जिव्हाळा दाखवण्यात चूक नाही. तो पाहून वेतन ठरवणारे चुकतात. आणखी एक बारीक गोष्ट सांगते. महामहोपाध्याय काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत. १९३० ते १९६२, पाच खंड, पुढे भारतरत्न. वकिलाने संध्याकाळी पोथ्या उघडल्या की ती विद्वत्ता. मी मोडी लिपी शिकले, तर माझ्या सेवापुस्तकात तो छंद. माझ्या पिढीच्या ग्रंथपालांनी कामाबाहेर काय काय केलं! कुणी जुन्या ग्रंथांच्या बांधणीचा अभ्यास केला, कुणी गड चढले, एका सहकाऱ्याला नाट्यसंगीताचं वेड होतं आणि त्याच्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिकांची यादी कोर्टाच्या वादसूचीपेक्षा नीट लावलेली होती. हे सगळं व्यवसायाच्या बाहेरचं म्हणून मोडीत काढलं जातं.

वकील : तुमचं मोडी मात्र बाहेरचं राहिलं नाही, हे मला माहीत आहे. इनामाच्या, वाटपाच्या जुन्या कागदाची झेरॉक्स घेऊन किती वकील तुमच्याकडे यायचे!

ग्रंथपाल : यायचे. एकदा एका वाटपाच्या दाव्यात जुनी फारखत, म्हणजे हक्क सोडल्याचा लेख, होती. तिच्यात ‘हिस्सा पावला’ असं आहे की ‘हिस्सा पावावा’ असं आहे, यावर सगळं अडलं होतं. मोडीत लेखक हात न उचलता लिहितो, त्यामुळे काना आणि पुढच्या अक्षराची सुरुवात एकमेकांत मिसळतात. मी भिंग लावून त्याच लेखकाचे त्या कागदातले इतर सगळे काने पाहिले, तो शब्दाच्या शेवटी काना कसा खाली ओढतो ते पाहिलं, आणि मला काय दिसतं ते सांगितलं. पण त्याच वेळी हेही सांगितलं, की साक्षीला जाणकार मोडी वाचक लागेल, मी नाही. वाचायला मला फार आवडलं. ती संध्याकाळ मला कामाची वाटलीच नाही.

वकील : नेमकं हेच! ती संध्याकाळ कामाची वाटली नाही म्हणून तिचे पैसे कुणी दिले नाहीत. वकिलाला त्या वाचनाचा उपयोग झाला, अशिलाला झाला, तुम्हाला ‘वा मॅडम’ मिळालं. आवड कामाला लागली की ती मालकाच्या खात्यात जमा होते. म्हणून मी तर म्हणेन, त्या नाट्यसंगीतवाल्या सहकाऱ्याचं जास्त बरोबर होतं. त्याच्या वेडाचा कोर्टाला काडीचा उपयोग नव्हता. पाच वाजले की तो माणूस स्वतःचा. ग्रंथपालाच्या आवडीनिवडींची चर्चा होते तेव्हा त्या कामाला कशा पूरक ठरल्या हेच शोधलं जातं. मला त्यात लोभ दिसतो. माणसाकडे निरुपयोगी असं काहीतरी असू द्या की.

ग्रंथपाल : तुमच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं, पण मी पूर्ण सहमत नाही. त्याच्या वेडाचा उपयोग नव्हता असं नाही, तो नुसता दिसत नव्हता. एकच पद वेगवेगळ्या गायकांनी कुठल्या वर्षी कसं गायलं, यातला फरक त्याला जपावासा वाटे. कुठलं गाणं चांगलं यापेक्षा कुठलं केव्हाचं, यावर तो तासन्‌तास बोले. आवृत्तीतला फरक महत्त्वाचा वाटणं हा एक स्वभाव आहे. कायद्याच्या आवृत्त्या राखायला तोच स्वभाव लागतो. रंगनाथन ग्रंथपाल होण्याआधी गणित शिकवत. त्यांच्या ग्रंथ-वर्गीकरणात तो गणिती दिसतो. माणूस पाच वाजता दोन तुकड्यांत कापता येत नाही. पण तुमचा आक्षेप मी टाकून देत नाही. मालकाने स्वभाव विकत घेऊ नये, कामाचे पैसे द्यावेत. मोडीवाचनाचं मानधन असायला हवं होतं.

वकील : मग आता मानधनाहून अवघड प्रश्नाकडे येऊ. तुम्ही कायद्याची इतकी जाण असल्याचं सांगता, आणि तरी तुमच्या व्यवसायाचा पहिला नियम असा की सल्ला द्यायचा नाही. पुस्तक दाखवा, अर्थ सांगू नका. ही रेघ मला कधीच कळली नाही. जाण असलेल्या माणसाने गप्प बसायचं असेल तर जाण कशाला हवी?

ग्रंथपाल : ही रेघ मी रोज ओढत होते आणि रोज ती थोडी हलत होती. वकील संघाचं ग्रंथालय सभासदांचं, पक्षकाराला आत प्रवेश नाही. तरी एक बाई दारात उभी राहिली होती. भाड्याच्या खोलीतून बाहेर पडा अशी नोटीस तिच्या हातात, आणि एकच प्रश्न, माझं घर जाईल का? मी तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मराठीत काढून दिला, कलम १५ आणि १६ ची पानं दाखवली. घर जाईल की नाही, यावर मी बोलले नाही. पण त्याच इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो, हे सांगितलं. हा सल्ला झाला की माहिती? मी माहिती मानते. पण मी कलम १६ ऐवजी दुसरं पान उघडून दिलं असतं तर तिच्या डोक्यात वेगळीच भीती बसली असती. कुठलं पान उघडायचं हे ठरवतानाच अर्थ लावला जातो. म्हणूनच जाण हवी. रेघ पाळायची तर ती कुठे आहे हे आधी दिसलं पाहिजे.

वकील : म्हणजे तुम्ही अर्थ लावता, फक्त बोलून दाखवत नाही. मग जबाबदारीचं काय? मी चुकीचा दाखला दिला तर वकालतनाम्यावर माझं नाव आहे, बार कौन्सिल मला विचारू शकते. तुम्ही चुकीचं पान उघडून दिलंत तर तुमचं नाव कुठे असतं?

ग्रंथपाल : कुठेच नसतं. त्याचं मला समाधान कधी वाटलं नाही. नाव नसल्यामुळे दोष येत नाही, तसंच श्रेयही येत नाही, आणि दोन्हींनी काम उथळ होऊ शकतं. पण नाव नसण्याची एक चांगली बाजू आहे. मी कुणाच्याही बाजूची नव्हते. सकाळी वादीचा वकील यायचा, दुपारी प्रतिवादीचा, आणि दोघांना ठाऊक असायचं की एकाने काय मागितलं ते दुसऱ्याला कळणार नाही. देवघेवीची नोंदवही माझ्या टेबलाच्या खणात असे, फळीवर नाही. कुणी कुठला खंड नेला एवढं कळलं तरी समोरच्याचा युक्तिवाद ओळखता येतो.

वकील : पण तुम्हाला तर कळत होतं. तुम्ही दोघांचं पाहत होतात. असं कधी झालं नाही का, की एकाने जो निवाडा आधाराला घेतला तो उलटवला गेल्याचं दुसऱ्याला माहीत आहे, आणि तुम्हालाही?

ग्रंथपाल : झालं. एकाने जुना खंड नेला. दोन दिवसांनी दुसऱ्याने तो निवाडा उलटवणारा खंड नेला. जुन्या खंडाच्या समासात मी पूर्वीच पेन्सिलीने नोंद केलेली होती, अमुक खंडाचं अमुक पान पाहा. ती नोंद तिथे होती. मी पहिल्याला बोलावून काही सांगितलं नाही.

वकील : आणि त्याने समास वाचला नाही.

ग्रंथपाल : नाही वाचला.

वकील : मग मॅडम, तुम्ही आता ज्या पोलीस अधिकाऱ्याबद्दल बोललात, तळटीप न वाचणाऱ्या, त्याच्यात आणि या वकिलात फरक काय? तिथे तुम्ही म्हणालात, तळटीप डोळ्यांसमोर आणणं हेच आमचं काम. इथे तळटीप समासात होती आणि तुम्ही ती तिथेच राहू दिलीत. हरला कोण? अशील. त्याने समास वाचायचा नव्हता. त्यासाठी त्याने फी मोजली होती. तुमची तटस्थता दोन वकिलांमधली होती, दोन माणसांमधली नव्हती.

ग्रंथपाल : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या वकिलाचा माझ्यावरचा विश्वास संपला असता, आणि तो बरोबर असता. त्याने काय शोधलं ते मी वापरलं, असाच त्याचा अर्थ झाला असता. मग पुढच्या वेळी त्याचा अशील उघडा पडला असता. पण तुम्ही म्हणता तो माणूस हरला, हे त्याने पुसलं जात नाही. आता हाच प्रश्न तुमच्या चेंबरमधल्या संग्रहाला विचारा. तुम्ही आणि तुमच्या विरुद्धचा वकील एकाच कंपनीचे वर्गणीदार आहात. दोघं काय शोधता ते त्यांच्याकडे नोंदलं जातं. माझी नोंदवही खणात होती आणि किल्ली माझ्याकडे. त्यांची किल्ली कुणाकडे?

वकील : करारात काहीतरी असेल.

ग्रंथपाल : असेल. वर्गणीच्या करारावर सही अध्यक्षांची व्हायची, पण त्याआधी ओळ न्‌ ओळ मी वाचत असे. आता कोण वाचतं?

वकील : कोणी नाही. ते पाहायला हवं, मान्य. पण त्याने त्या अशिलाचं देणं फिटत नाही. तुम्ही नव्या निवाड्यांचा फलक लावायचात ना दारात? त्यावर तो निवाडा लिहिला असता तर कुणाचं नाव न घेता दोघांना कळलं असतं.

ग्रंथपाल : मनात आलं होतं. पण त्याच आठवड्यात तो निवाडा लावणं म्हणजे एकालाच सांगणं, कारण दुसऱ्याने तो आधीच वाचलेला होता.

वकील : नेहमीच्या क्रमाने लावला असता तर?

ग्रंथपाल : फलक नव्या निवाड्यांचा होता, वकीलसाहेब. तो निवाडा बारा वर्षांचा जुना होता.